खाली ठेवलेली जागा

सर्व्हर बंद पडला की दफ्तरातल्या नजरा तो सांभाळणाऱ्या चेतनाकडे वळत. हिंदी मुलखातलं राज्य नवं, दफ्तर नवं, जमिनीच्या नोंदी नुकत्याच कॉम्प्युटरवर चढू लागलेल्या. आणि हे यंत्र मात्र काही न सांगता मध्येच मान टाकायचं. पुन्हा चालू केलं की मेमरी कोरी. मग कीबोर्डवर शेवटी कोण होतं, एवढाच प्रश्न उरायचा.

"तूच काही दाबलं असशील," श्यामकांत साहेब म्हणत. ते दुष्ट नव्हते. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. पण चेतना कंत्राटावर होती, आणि मार्चनंतर तिला ठेवायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतल्या घरी, रेल्वेतून निवृत्त झालेले गुलाबराव लेकीला विचारत, "मशीन पडते, तं नाव तुहंच काहून?"

"मशीन बोलत नाही नं, बाबा."

ते बोलावं म्हणून तिने डिस्कचा एक तुकडा वेगळा काढला. यंत्राच्या साऱ्या मेमरीहून जरा मोठा, म्हणजे कोसळता कोसळता त्याला मनातलं सगळं तिथे ओतता येईल. यंत्राला ओळखू येईल अशी खूण त्यावर पाडली, आणि तो रिकामा सोडला.

काही दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या स्वानंदने विचारलं, "दीदी, फोटो का बैकअप कहाँ रखूँ?"

बॅकअपचं जुनं मशीन खालच्या मजल्यावर होतं. मान वर न करता ती म्हणाली, "खाली ठेव."

"हव."

स्वानंदचं आडनाव मराठी, पण कान हिंदीत वाढलेले. डिस्कवर त्याला एक तुकडा अगदी 'खाली' दिसला. त्याने तो फॉरमॅट केला आणि भरून टाकला.

यंत्र पुन्हा कोसळलं तेव्हा ओतायला जागाच उरली नव्हती. खूण पुसलेली, आणि तिच्यावर फिती कापणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोंच्या रांगा.

"हे इथं काहून ठेवलं रे?"

"आपने ही तो बोला था, खाली में रखो."

तिला हसू आवरेना. "अरे, खाली म्हंजे खालच्या मजल्यावर, बाप्पा."

साहेबांना मात्र हे सांगण्यासारखं नव्हतं. स्वानंदही कंत्राटावरच होता. ती एवढंच म्हणाली, "अजून एक डाव पडू द्या, साहेब. पडल्याशिवाय कळणार नाही."

तिने तो तुकडा पुन्हा तयार केला आणि मॉनिटरवर त्या तुकड्याचा नंबर घालून चिठ्ठी चिकटवली: ही जागा भरलेली आहे.

"पर दीदी, ये तो खाली है."

"म्हणूनच लिहिलं."

मार्च सरत आला असताना एका दुपारी यंत्र कोसळलं. पडदा काळा झाला, आणि त्यावर मेमरी किती ओतून झाली त्याचा आकडा हळूहळू वाढू लागला. साहेबांचा हात सवयीने बंद करायच्या बटणाकडे गेला. चेतनाने आपला तळवा बटणावर ठेवला.

"थांबा, साहेब. सांगून राहिलं ते."

साहेबांनी हात मागे घेतला. स्वानंदही उठून आला, आणि तिघं तो आकडा वाढताना बघू लागली.

यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी ते ओतलेलं सारं वाचून कळवलं: डिस्क चालवणाऱ्या कार्डाबरोबर आलेल्या प्रोग्रामातच खोट होती, कोणी काही दाबल्याने यंत्र पडत नव्हतं. साहेबांनी चेतनाला पुढेही ठेवावं असा शेरा लिहिला, सही केली. मग जरा अडखळत विचारलं, "आता कारण कळलं. ती जागा फोटोंले देऊन टाकू?"

"नको, साहेब. कधी ना कधी ते अजून पडंल."

"मंग?"

"मंग अजून सांगंल."

साहेबांनी चिठ्ठीचा सुटलेला कोपरा बोटाने पुन्हा दाबून चिकटवला. स्वानंद फोटोंच्या सीड्या उचलून जिन्याकडे निघाला होता. जाता जाता त्याने दारातून विचारलं, "नीचे वाला खाली, ना दीदी?"