नाव पुकारल्याशिवाय पैसे घेणार नाही

तुम्ही ज्या फोरमवर रोज सकाळी 'आज टँकर येणार का' म्हणून विचारता, तो चालवायला पैसे कोण देतं, हे कधी विचारलंय तुम्ही?

आमच्या फोरमवरही कोणी विचारत नव्हतं. तो आम्ही दोघांनी सुरू केला होता, मी आणि पुण्याजवळच्या हिंजवडीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, भुसावळकडून आलेला माझा सहकारी. मी भुकूमला खोली घेऊन राहत होते, तो सूसला एका नव्या सोसायटीत. पाण्याची आणि विजेची बोंब दोन्हीकडे सारखीच. कंपनीची कॅब कुठल्या फाट्यावर थांबते, लोडशेडिंग कधी सुरू होतं, सिलिंडर कोण आणून देतं, डिपॉझिट बुडवणारा घरमालक कोणता, हे पेपरात छापून येत नव्हतं. आणि गावात विचारावं तर आम्ही गावचे नव्हतो. मग त्यानं इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेत फोरम उभा केला. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, वाचताना जीभ अडखळायची, पण उत्तर मिळायचं.

माणसं वाढली. सगळे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनच बघायचे, त्यामुळे सोमवारी सकाळी फोरम हमखास कोसळायचा. शेवटी सहकाऱ्यानं सर्व्हरवर जागा भाड्यानं घेतली आणि भाडं स्वतःच्या पगारातून भरायला लागला. आम्ही वर्गणीचं आवाहन केलं. शाबासक्या भरपूर आल्या. पैसे मोजक्या चार जणांनी दिले, आणि त्यातले दोघे आम्हीच होतो.

तेव्हा मी नियम काढला. विचारणं फुकट, विकणं पैसे देऊन. ज्याला खोली भाड्यानं द्यायची आहे, क्लास चालवायचा आहे, प्लॉट विकायचा आहे, त्यानं पोस्टमागे पैसे द्यावेत आणि पोस्टच्या तळाला लिहिलेलं असावं की ही पैसे घेऊन लावली आहे, देणाऱ्याचं नाव अमुक.

तळाला का, तर मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. घरात पुस्तकं कमी आणि गुलाबी-पिवळ्या कागदाचे गठ्ठे जास्त. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. वडिलांनी पहिला धडा दिला तो हा, की पत्रक खालून वर वाचायचं. खालची बारीक ओळ आधी बघायची, छापलं कुठं आणि खर्च कोणाचा. मग वरचा मजकूर. ज्याच्या तळाला नाव नाही ती चहाडी, असं ते म्हणायचे आणि निनावी पत्रक हातात आलं की त्याची पुडी करून त्यात शेंगदाणे बांधायचे.

नियम जाहीर केला आणि फोरमवर वणवा पेटला. सूसच्या एका गृहस्थांनी याच फोरमवरून आपली जुनी गाडी, फ्रिज आणि फ्लॅटला भाडेकरू असा सगळा व्यवहार फुकटात उरकला होता. त्यांनी लिहिलं, समाजसेवेच्या नावाखाली या दोघांनी दुकान उघडलंय. खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. मी उत्तर दिलं की हो, दुकान आहे, आणि पाटी लावून उघडलंय. तुमचं इतके दिवस पाटी न लावताच चाललं होतं. सहकारी म्हणाला, जरा गोड लिहीत जा. मी म्हटलं, गोड लिहिण्याचे पैसे पडतील.

पैसे देणारा पहिला माणूस आला तो हिंजवडी गावातला. आयटी पार्कात जमीन गेली, त्या पैशातून त्यांनी उरलेल्या तुकड्यावर ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. सगळे त्यांना आबा म्हणत. घरात कॉम्प्युटर नव्हता, फोरमची बातमी भाडेकरूंकडून कळलेली. रविवारी आम्हाला चहाच्या टपरीवर बोलावून त्यांनी पैसे पुढे केले आणि पोस्ट बघायला मागितली. सहकाऱ्यानं लॅपटॉप उघडला. आबांनी पडदा वरून खाली बघितला.

"माझं नाव कुटं हाय?"

मी म्हटलं, खाली आहे आबा, अगदी शेवटी.

"खाली कोन बगतंय ताई? जत्रंत वर्गणी दिली तर आधी माईकवर नाव पुकारत्यात, मग बाकीचं. पैसं देऊन नाव तळाला म्हंजी जेवायला बोलवून चपलांपाशी बसवल्यागत झालं."

मी सांगायला गेले की तळाच्या ओळीलाच खरी किंमत असते, जाणता माणूस आधी तीच वाचतो. आबा म्हणाले, तसली मानसं तुमच्या सोलापुरात असतील. सहकारी चहाच्या पेल्यात हसला. मला राग आला. पण घरी जाताना सायबर कॅफेत तीच पोस्ट उघडली, तेव्हा दिसलं ते दिसलंच. तिथल्या लहान पडद्यावर तळापर्यंत जायला बोट दुखेपर्यंत माऊसचं चाक फिरवावं लागत होतं. पत्रक हातात सगळंच्या सगळं येतं, पडदा येत नाही. इथं तळाला नाव टाकणं म्हणजे जवळजवळ लपवणंच होतं. दुसऱ्या दिवसापासून पहिलीच ओळ ठळक झाली: पुढच्या मजकुराचे पैसे घेतले आहेत, आणि देणारे हिंजवडीचे अमुक अमुक. आबांनी भाडेकरूकडून ती ओळ छापून घेतली आणि खोल्यांच्या गेटवर चिकटवली, असं ऐकलं.

त्यानंतर प्लॉटवाल्यांचा फोन आला. भुकूमजवळ पौड रस्त्याला त्यांचं काचेचं ऑफिस होतं. एसी, थंड पेय, टेबलावर हिरवळीचे फोटो. जमिनीचे तुकडे पाडून विकणारा माणूस, वयानं आमच्यापेक्षा थोडाच मोठा, बोलायला लाघवी. त्यानं सरळ सांगितलं की फोरमचं पूर्ण वर्षाचं भाडं तो देईल. अटी दोनच. त्याच्या प्लॉटविषयी जे लिहून येईल ते साध्या सभासदानं लिहिल्यासारखं दिसावं, 'आम्ही बघून आलो, मस्त जागा आहे' असं. आणि तिथं पाणी नाही, रस्ता कागदावरच आहे अशी फोरमवर जी चर्चा चालली होती, ती काढून टाकावी.

मी म्हटलं, पैसे घेऊ, पोस्ट लावू, पण पहिल्या ओळीत तुमचं नाव येईल. आणि चर्चा राहील.

तो हसला. "मॅडम, नाव आलं की लोक जाहिरात म्हणून वाचतात. मला तुमचा विश्वास विकत हवाय, जागा नकोय."

इतकं खरं मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. मी थंड पेय तसंच ठेवून उठले.

बाहेर आल्यावर सहकारी गाडीला किल्ली लावेना. तो रागावला होता, आणि त्याचा राग खोटा नव्हता. त्याच्या घराचा हप्ता चालू होता, गावी बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि सर्व्हरचं भाडं पुन्हा तोंडावर आलं होतं. वर्षभराचं एकदम भरायचं, नाहीतर फोरम बंद.

"तुझ्या तत्त्वाचं भाडं माझ्या पगारातून जातंय," तो म्हणाला. "एवढं लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं. आजही आहे. पण तेव्हा मी त्याला विचारलं की फोरम वाचवायचा म्हणजे नक्की काय वाचवायचं? 'पाणी नाही' हे वाक्य काढून जो उरेल, तो सुरू राहिला काय आणि बंद पडला काय, कोणाला फरक पडतो? त्यानं किल्ली फिरवली.

तिथून परतल्यावर मी फोरमवर लिहिलं, प्लॉटवाल्याचं नाव न घेता, बाकी सगळं सांगून. वर्षाचं भाडं देणारा मिळाला होता, त्याला नाव लपवायचं होतं आणि तुमचं बोलणं पुसायचं होतं, म्हणून नाही म्हटलं. आता भाडं जमलं नाही तर फोरम जाईल. गेला तर ताठ मानेनं जाईल. खाली आम्हा दोघांची नावं टाकली. मग ती काढून वर टाकली.

सूसच्या गृहस्थांनी लिहिलं की हे भावनिक ब्लॅकमेल आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. पैसे मात्र आले नाहीत.

ते आले अगदी वेगळ्याच वाटेनं. हिंजवडीत आबांच्या खोल्यांना लागूनच त्यांच्या चुलतभावाच्या खोल्या होत्या. मधल्या बांधावरून दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद. गेटवर चिकटवलेला कागद या चुलतभावांनी जाता-येता पाहिला असणार. एका संध्याकाळी ते त्याच टपरीवर आम्हाला गाठायला आले. खोल्या किती रिकाम्या आहेत, असं सहकाऱ्यानं विचारलं.

"एक बी न्हाई. समद्या भरल्यात."

मग जाहिरात कशाची करायची?

"नावाची. त्याचं लागतंय, आमचं का न्हाई? आन् त्याच्या वर लावा."

वर लावायचे जास्त पैसे घ्यायचे का, हे सहकाऱ्यानं माझ्याकडे न बघताच ठरवलं आणि सांगून टाकलं. चुलतभाऊ तयार झाले. चार दिवसांत आबा आले, डोळे लाल करून, त्यांना त्याच्याही वर हवं होतं. मग भावकीतले आणखी तिघं आले. मग माणच्या रस्त्याचा ड्रायव्हिंग क्लास आला, आणि पौडच्या बाजूचं, आंबेमोहर विकणारं एक कुटुंब आलं, ज्यांना पहिल्या ओळीत वडिलांबरोबर आईचंही नाव हवं होतं. ते आम्ही पैसे न वाढवता टाकलं. भाडं भरायची वेळ आली तेव्हा सहकाऱ्याला खिशात हात घालावा लागला नाही. तत्त्वाबद्दल तो पुन्हा बोलला नाही. फक्त पहिल्या ओळीचा रंग त्यानं भगव्या-पिवळ्या फेट्यासारखा केला आणि म्हणाला, जत्रा आहे तर जत्रेसारखी दिसू दे.

माणसं नाव लपवायला जेवढे पैसे देतात, त्याहून जास्त नाव मिरवायला देतात, हे वडिलांनी मला शिकवलं नव्हतं. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, आमच्या पत्रकांना ही अक्कल असती तर संघटनेवर उधारी झाली नसती.

सगळं गोड झालं असं समजू नका. थोड्याच दिवसांत आमच्याच भागाचा दुसरा फोरम निघाला, देखणा आणि संपूर्ण फुकट. निम्मे सभासद तिकडे गेले, सूसचे गृहस्थ सगळ्यांच्या पुढे. तिथं पौड रस्त्याच्या प्लॉटांवर रोज कोणीतरी जाऊन येतं आणि हिरवळ बघून हरखून जातं. पाण्याचा प्रश्न विचारला की प्रश्नच सापडत नाही. ते गेलेले आम्हाला अजूनही धंदेवाईक म्हणतात. म्हणू देत. आमचा धंदा पहिल्या ओळीत वाचता येतो. त्यांच्या समाजसेवेचा मालक कोण, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज तुम्ही जिथं वाचता, लिहिता, टँकरची चौकशी करता, तिथं जा. एखाद्या जागेची, क्लासची, दवाखान्याची तोंडभर स्तुती दिसेल. तिच्याखाली एक ओळ लिहा, 'याचे पैसे कोणी दिले?' आणि खाली स्वतःचं नाव घाला. उत्तर आलं तर तिथंच राहा आणि तुमचा वाटा उघडपणे द्या. तुमची ओळ पुसली गेली, तर समजा तेच उत्तर आहे, आणि ते शेजाऱ्याला जाऊन सांगा.