मेव्हण्याची जुळवाजुळव

देवाने जे जे विस्कटून ठेवलंय ते ते आपण जुळवून देऊ, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघाला. नाशिकला इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचा. काय शिकवतोस म्हणून विचारलं की खिशातून खडू काढून आमच्या ओट्याच्या फरशीवर ठिपके मांडायला बसायचा. ठिपका म्हणजे माणूस, गाव, गाडी, काहीही. ठिपक्याला ठिपका रेघेने जोडायचा, रेघेवर आकडा टाकायचा. "दाजी, आता यातली सगळ्यात स्वस्त जोडणी शोधायची. याला नेटवर्क म्हणतात." मी सातवी नापास. जन्म गेला मखमलाबादकडे झेंडू आणि शेवंती तोडण्यात. मी म्हणायचो, "आणि फरशी कोण पुसणार?" पुसायची त्याची बहीण, पण आधी कंबरेवर हात ठेवून सगळं बघून घ्यायची, जसं काही तिला कळतंय.

मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायचं काम त्याने मागून घेतलं. सिन्नर, निफाड, पिंपळगाव एका फेरीत, एकही रस्ता दोनदा न तुडवता. आपल्याकडे पहिली पत्रिका देवाला, मग मानाच्या माणसांना. ह्याने मान धरलाच नाही, रस्ता धरला. माझी थोरली आत्या फेरीच्या टोकाला राहायची, तिला पत्रिका सगळ्यात शेवटी. ती मांडवात उभी राहून ओरडली, "मी मेले असं धरलं होतं का रे?" हा हात जोडून म्हणतो, "आत्याबाई, आधी तुमच्याकडे आलो असतो तर लय लांबचा फेरा पडला असता." आत्या त्या मांडवात पाणीसुद्धा प्यायली नाही. वऱ्हाडाच्या जीपासुद्धा त्यानेच भरल्या. विहिरीच्या वाट्यावरून बोलणं टाकलेल्या माझ्या दोन भावजया मागच्या सीटवर चिकटून बसवल्या, कारण तशी एकही जागा रिकामी राहत नव्हती. धाकटी आडगाव नाक्यावर उतरली आणि रिक्षाने आली. याला भांडणाचं काही नाही, जीपमध्ये एक जागा मोकळी आली याचं दुःख. बायको हसून हसून रडायची. म्हणायची, "भाऊचं गणित बरोबरच असतं हो, माणसंच चुकतात."

मग तिच्याच दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी म्हटलं माझी काढा. रक्त जुळेना. मेव्हण्याला साखर, डॉक्टरांनी त्याला उभं केलं नाही. मुलीचं नाव काढलं तर बायको म्हणाली, उपचारच सोडीन. शेजारच्या खाटेवर मनमाडचा रेल्वेतला फिटर होता. त्याची बायको द्यायला तयार, पण तिचंही रक्त त्याला चालेना. एक दिवस बघतो तर मेव्हणा वॉर्डाच्या फरशीवर उकिडवा बसून चार ठिपके काढतोय. नर्स खेकसली, "ओ सर, ही काय शाळा हाय का?" याला ऐकूच गेलं नाही. "दाजी, तुमची किडनी फिटरला चालते. त्यांच्या बायकोची आपल्या अक्काला. नुसती अदलाबदल करायची!" त्याच्या सगळ्या विद्येतलं तेवढंच मला कळलं, आणि पुरतं कळलं. फिटरची बायको म्हणाली, "माझी कुणालाबी द्या, हे वाचले म्हणजे झालं." चौघांनी चहा मागवला. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून, तरी बायकोने घोटभर घेतला. किती दिवसांनी हसली. "म्हणजे यांची किडनी रेल्वेत लागणार. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी!"

तेव्हाच्या कायद्यात ते बसेना. देणारा नात्यातलाच हवा. मेव्हण्याने कॉलेजात रजा टाकली, नाशिक-मुंबई वाऱ्या केल्या. एका साहेबाला म्हणाला, "यात कुणाचाच तोटा नाही हो." साहेब काही वाईट नव्हता. म्हणाला, "तोट्याचं नाही सर, नात्याचं आहे. हे त्यांचे कोण?" परतीच्या गाडीत मेव्हणा खिडकीकडे तोंड करून एवढंच बोलत होता, "दाजी, जोडणी आहे हो. मी तपासली. आहे." मी म्हटलं, "असू दे आता." दुसरं काय म्हणणार? माझ्या अंगात दोन होत्या, त्या बाईच्या अंगात दोन होत्या, आणि आमची दोन माणसं सुकत चालली होती. फिटर दिवाळीच्या आत गेला. माझी संक्रांतीनंतर.

वर्षश्राद्धाला मेव्हणा फिटरच्या बायकोला नाशिक रोड स्टेशनवरून घेऊन आला. मला न विचारता. आम्हा दोघांची पानं शेजारी मांडली आणि स्वतः वाढायला उभा राहिला. मग तिने विचारलं, "दादा, तब्येत कशी हाय?"

"ठणठणीत. तुमची?"

"माझंबी काही दुखत नाय."

दोघांनी माना खाली घातल्या. मेव्हण्याच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. तो मोरीवर गेला आणि स्वच्छच असलेले हात धूत बसला. मी हाक मारली, "मास्तर, चला, जेवून घ्या."

"आलो दाजी," म्हणाला. पण नळ काही बंद होईना.