ठमीचं नाव

उल्हासनगरच्या कॅम्पात गाड्यांवर रेडियमची नावं चिकटवणारे पैशाला पासरी होते. जुनी नावं काढणारी मात्र एकटी चंद्री. चिकटवणाऱ्याला लोक 'आर्टिस्ट' म्हणायचे आणि चंद्रीला 'ए बाई'. जगाची रीतच ती.

चंद्री बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीतली. नवरा वाळू बदलापूरच्या दौलतराव नावाच्या भातवाल्याचा टेम्पो चालवायचा. त्याच्यामुळेच ती परसू सेठच्या रेडियमच्या दुकानात आली, आधी झाडू मारायला. एकदा सेठच्या माणसानं पटाशी घेऊन एका जीपवरचं नाव खरवडलं आणि रंगासकट पत्रा उघडा पाडला. जीपवाल्यानं सेठची आई-बहीण काढली. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी गाडी आली तेव्हा चंद्री म्हणाली, "मी काढू का?" सेठ वैतागून म्हणाला, "निकाल माँ, तू भी निकाल."

तिनं गोणपाट कढत पाण्यात बुडवून अक्षरावर दाबून धरलं. रेडियम मऊ पडल्यावर तुटक्या कंगव्यानं कोपरा उचलला, आणि चिमटीत धरून मागच्या मागे, पत्र्याला लगटून, हळूहळू ओढत नेलं. अक्षर सबंध निघालं. खाली राहिलेला डिंक थिनरच्या बोळ्यानं पुसला. तेव्हापासून झाडू दुसरीकडे गेला. काढायची घाई करू नये, एवढीच तिची विद्या. उन्हानं पार करपलेलं असलं तर ब्लेड घ्यायचं, पण ते आडवं धरायचं. तिला वाचता येत नव्हतं. देवाचं नाव काय आणि दारूवाल्याचं काय, तिच्या लेखी सारी सारखीच चिकट.

पण एक गोष्ट तिनंच पाहिली होती. निघालेलं अक्षर उलटं केलं की डिंकावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा दिसायचा. चिकटवणाऱ्यानं कागद सोलताना कुठंतरी बोट टेकवलेलं असायचं, आणि ते बोट तिथं वर्षानुवर्षं तसंच. माणूस गाव सोडून गेला तरी रेषा ताज्या. चंद्रीला याचं नवल वाटायचं. ती उगाच उन्हाला धरून बघायची आणि मग टाकून द्यायची.

ठमी, चंद्री-वाळूची एकुलती एक पोर, सहा वर्षांची असताना दसऱ्याला सेठनं खुशीनं तिचं नाव लाल रेडियममध्ये कापून दिलं. वाळूनं तिला कमरेला धरून उचललं आणि टेम्पोच्या मागच्या फळक्यावर, त्याच दिवशी लावलेल्या 'आईचा आशीर्वाद'च्या खाली, ते तिनं स्वतः चिकटवलं. ठ जरा कलंडला. दौलतराव हसून म्हणाले, "असू दे, पोरीचाच टेम्पो आहे." पुढच्या वर्षी तिला कावीळ झाली. वाडीतल्या भगतानं काविळीची माळ घातली, ती लांबत खाली उतरेपर्यंत दोघं थांबले, आणि थांबता थांबता पोर गेली. तिचा फोटो काढलेला नव्हता. शाळेत नाव घालायचं राहून गेलं होतं. कपडे होते ते वाडीच्या रिवाजानं तिच्याबरोबर पुरले. गेलेल्या लेकराचं नाव वाडीत कुणी घेत नाही, म्हणून तेही बंद झालं. राहिलं ते टेम्पोवर.

तीन वर्षांनी दौलतरावांनी टेम्पो विकला. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ राहणाऱ्या अण्णांनी तो घेतला. कारखान्यातून निवृत्त झालेले, लग्नकार्याला मांडव-खुर्च्या पुरवायचा धंदा काढणारे सज्जन गृहस्थ. जुनी नावं काढून नातीचं, मीनलचं, नाव घालायचं होतं. टेम्पो दुकानात सोडायला वाळूच आला. किल्ली सेठला देऊन तो चंद्रीजवळ आला.

"तूच काढ," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात नको."

"सबंध काढते," चंद्री म्हणाली. "तिचं बोट असंल त्याच्यावर."

वाळूला ठशाचं तिनं पूर्वी सांगितलं होतं. तो दौलतरावांच्या नव्या गाडीवर निघून गेला. आपल्या पोरीच्या बोटाच्या रेषा घरी न्यायच्या, एवढंच चंद्रीला हवं होतं. नवं नाव सेठनं पुन्हा कापून दिलं असतं, पण त्यावर ठमीचं बोट कुठून येणार?

तिनं आधी 'आईचा आशीर्वाद'ला हात घातला. एकाच दिवशी चिकटवलेलं, एकाच उन्हात तापलेलं. ते केळीच्या सालीसारखं अलगद निघालं. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं पाणी पुन्हा कढवलं, गोणपाट ठमीच्या नावावर नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं, आणि 'ठ'चा कोपरा उचलला. कोपरा मोडला. दुसरीकडून उचलला, तिकडचाही मोडला. सेठच्या घरून केस वाळवायचं मशीन मागून आणलं, त्याचा वारा दिला. अक्षर मऊ पडेचना. पापडाच्या चुरीसारखे लाल तुकडे कंगव्याखाली झडत राहिले. एक तुकडा उलटा करून तिनं उन्हाला धरला. डिंक नव्हताच. पिवळट, कोरडी भुकटी होती आणि तिला रॉकेलचा वास येत होता.

तेव्हा तिला उमगलं. रेडियम मळकं झालं की ड्रायव्हर लोक रॉकेलचा बोळा फिरवतात. घटकाभर लखलखतं. पोर गेल्यावर वाळू रोज सकाळी, टेम्पोला हात लावण्याआधी, फक्त तेवढ्या दोन अक्षरांवर बोळा फिरवायचा. देवपूजा चुकेल पण ते चुकायचं नाही. आणि हे त्याला शिकवलं होतं चंद्रीनंच, 'रॉकेल लाव, नवं दिसतंय,' म्हणून. रोज थोडं थोडं रॉकेल कडांखाली शिरलं, अक्षराचं तेल शोषत गेलं, डिंक खात गेलं. ज्याला कुणी विचारलं नाही तो आशीर्वाद शाबूत राहिला आणि जिवापाड जपलेली पोर भुगा झाली. असला न्याय करणाऱ्या देवाला काय म्हणावं!

तिनं उरलेलं ब्लेडनं काढलं. थिनरनं पुसल्यावर एक नवंच संकट उभं राहिलं. बाकीचा फळका उन्हानं विटला होता आणि अक्षरांखालचा निळा रंग कोरा राहिला होता. नाव गेलं आणि नाव दिसतच राहिलं, कलंडलेल्या 'ठ'सकट.

अण्णा बघायला आले. चष्मा पुसून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "ठमी."

तीन वर्षांत ते नाव तिच्या कानावर पडलं नव्हतं. चंद्रीनं झटक्यात मागं वळून पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं.

"कोण हो ही?" अण्णांनी विचारलं.

गेलेल्या पोरीचं नाव म्हटलं तर हा माणूस अपशकुन म्हणून टेम्पो परत करील, आणि दौलतराव वाळूवर डाफरतील. "म्हाईत नाय काका," चंद्री म्हणाली. "असंल कुणाची."

"आशीर्वाद दिसला तर दिसू दे, पण हे असं दिसून चालायचं नाही. मीनलच्या नावाशेजारी बरं नाही दिसत." ते अगदी सौजन्यानं बोलले.

मग पॉलिशचं कंपाउंड फडक्यावर घेऊन चंद्री घासायला लागली. निळा रंग उतरत उतरत भोवतालच्या रंगाला मिळायला लागला. आधी वेलांटी गेली, मग म. 'ठ'वर आली तेव्हा तिचा हात थांबला. परसू सेठला सारं ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "रहने दे, मैं करता हूँ." तिनं मान हलवली आणि तोही घासून टाकला. आपल्या पोरीला आपण दुसऱ्यांदा पुरतोय, असं तिला वाटलं. पहिल्या खेपेला निदान माणसं जमली होती.

वाळू दिवेलागणीला दारात तिची वाट बघत होता. हातपाय धुऊन बसला होता. ती आली तसा त्यानं हात सदऱ्याला पुसून पुढं केला.

"तुटलं," चंद्री म्हणाली. "भुगा झाला."

त्याचा हात तसाच राहिला. "कशानं?"

खरं ओठावर आलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. "उन्हानं," ती म्हणाली.

वाळूनं हात मागं घेतला. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मी रोज पुसत व्हतो म्हणून येवढं तरी टिकलं. नायतर कवाच गेलं असतं."

"व्हय," चंद्री म्हणाली.