दंडातली बेडकी

कुंडलच्या कुस्त्यांच्या मैदानात ते माझ्या शेजारी बसले होते. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. डोक्याला गुलाबी पटका आणि चेपून गाठीसारखे झालेले कान, म्हणजे जुने पैलवान. नमस्काराऐवजी त्यांनी माझा दंड दाबला आणि बाजारात मऊ पडलेलं वांगं परत ठेवावं तसा सोडून दिला.

लाज झाकायला मी ज्ञान काढलं. "आजोबा, इंग्रजीतला मसल हा शब्द लॅटिनमधून आलाय. मूळ अर्थ इटुकला उंदीर. दंड वळला की कातडीखाली उंदीर पळतोय असं त्या लोकांना वाटायचं."

ते खदखदून हसले. "आवं पाव्हणं, उंदीर लय पळपुटा. आमी बेडकी म्हणतो. दंड वळला की टुणकन वर येती." त्यांनी बाही सारून दंड वळवला. कातडी नुसती लोंबली. "म्हातारी झाली," म्हणत त्यांनी बाही खाली ओढली.

तेवढ्यात त्यांची नात आखाड्यात उतरली. तिच्या प्रत्येक डावाला त्यांची बोटं माझ्या दंडात रुतत होती. समोरच्या पोरीला चीतपट करून नात धावत त्यांच्याकडं आली. शाबासकी राहिली बाजूला, त्यांनी आधी तिचा मातीनं माखलेला दंड दाबला आणि माझ्याकडं वळले.

"ही बघा माझी बेडकी! मला वाटलं मेली. उडी मारून हिकडं आली हाय."