चालणाऱ्यांची फोडणी

“थांबा, ह्यांचं बारसं राहिलं!” असे म्हणून तर्जुमेकाका भर रस्त्यात काठी रोवत आणि मागून येणाऱ्या आम्हा सगळ्यांना निरखत. बारसे आमच्या घोळक्याचे असे.

हैदराबादच्या कोर्टात ते उर्दू-मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करायचे, म्हणून आम्ही त्यांना तर्जुमेकाका म्हणत असू. सुट्टीच्या दिवशी काचीगुड्याहून आम्हा सात-आठ जणांना घेऊन ते दहा-दहा कोस पायी भटकायला निघत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो चालताना पायांपेक्षा तोंड जास्त चालवतो. “केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, किल्ल्यांचा जुडगा. अन् पायी चालणाऱ्यांना मराठीत काहीच नाही? हौ, बेअब्रू आहे ही भाषेची!”

मग ती अब्रू ते आमच्या जिवावर राखत. पहाटे निघताना उगाच इकडून तिकडे नाचणारे आम्ही म्हणजे चालणाऱ्यांची ‘चळवळ’. पुढे सुसाट सुटलेल्यांची ‘उधळण’. झाडाखाली आडवे झालेल्यांचा ‘पसारा’. टाचांना फोड आलेल्यांची ‘फोडणी’. मागून कण्हत येणाऱ्यांची ‘कण्हेर’, आणि तीत मी कायमचा! मला ह्याचा मनापासून राग यायचा. पण सोमवारी शाळेत शिकवताना तेच शब्द आठवून मी फळ्याकडे तोंड करून हसायचो.

देश स्वतंत्र झाला होता, आमच्याकडे मात्र अजून निजामाचेच राज्य होते. त्या दिवसांत एका सत्याग्रहीची जबानी काकांकडे आली. तो ‘मिरवणूक’ म्हणाला होता. त्याचा तर्जुमा ‘बलवा’, म्हणजे दंगल, असा करा, असे काकांना वरून सुचवण्यात आले. काकांनी ‘जुलूस’ लिहिले. समजावून झाले, धमकावून झाले, तरी ‘जुलूस’च. आठवड्याच्या आत कुजबुज कानावर आली, की आता काकांनाच उचलणार.

तेव्हा आम्ही ठरवले, नेहमीसारखे चालायला निघायचे आणि काकांना शहराबाहेरच्या पोलीस नाक्यापार करायचे. पुढच्या गावात त्यांच्या मेव्हण्याची बैलगाडी उभी राहणार होती. तिथून ते निजामाच्या हद्दीबाहेरच्या सोलापूरची वाट धरणार होते.

नाक्यावर जमादाराने अडवले. “कां जारें इत्ते लोगां?”

आमच्यात दिगंबर नावाचा एक गलेलठ्ठ गृहस्थ होता. त्या दिवशी आबिड्सच्या बाजारातून आणलेले कोरे बूट घालून आला होता. घाबरून त्याच्या तोंडून नको ते निघाले. “कुछ नै साब, हमारी चळवळ है!”

जमादाराला मराठीतला नेमका तेवढाच शब्द ठाऊक होता. त्या वर्षी त्याने दुसरे ऐकले तरी काय होते! त्याचा हात बंदुकीकडे गेला. काकांना आता आम्हीच पकडून दिले, असे मला वाटले.

काका मात्र शांतपणे पुढे झाले. “हौ हुजूर, चळवळच है. पाँव की. सुबू चळवळ, दोपहर कू फोडनी.” त्यांनी दिगंबरला तिथेच बसवून बूट काढायला लावले. टाचांवर लिंबाएवढे फोड! “देखो, फोडनी आज जल्दी हुई.”

जमादार वाकून बघत राहिला. “इस मोटे कू कायकू चलारें?”

“घरवाली बोली हुजूर, दुबला करके लाओ.”

जमादार खो-खो हसत सुटला. “जाओ, जाओ. वापसी में इसकू गाडी में डालके लाना!”

गाव दिसू लागले तसे काकांनी आम्हाला थांबवले. सगळे मिळून गेलो तर नजरेत भरू, म्हणाले आणि एकटे पुढे निघाले. मला रडू येत होते. दिगंबर बूट हातात घेऊन अनवाणी उभा होता. तो मागून ओरडला, “काका, अन् एकट्याला काय म्हणायचं?”

मागे न बघता उत्तर आले. “पळपुटा!”

आम्ही पोट धरून हसलो. हसणे थांबले तेव्हा ते वळणाआड गेले होते.

संस्थान विलीन झाल्यावर शहर सोडून गेलेले पुष्कळ जण परतले. काका परतले नाहीत. सोलापुरातच तापाने गेले, असे मेव्हण्याकडून कळले. एका शब्दासाठी घर आणि नोकरी सोडलेला माणूस पळपुटा? जन्मभर नेमका तर्जुमा करणाऱ्या काकांनी स्वतःचा तेवढा साफ चुकीचा केला, आणि आम्ही त्यावर हसलो. तो तर्जुमा चुकला आहे, हे सांगायला ते पुन्हा भेटलेच नाहीत.