गोदामातला तत्त्वज्ञानाचा वर्ग

वाडीचं ते कॉलेज मुळात ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. संस्थेने ते भाड्याने घेतलं, मध्ये प्लायवुडचे आडोसे घातले आणि बाहेर लोखंडी कमान उभारली. कमान एवढी भव्य होती की अमरावती रोडने जाणारे ट्रकवाले ट्रक तोलायचा धर्मकाटा समजून आत वळायचे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. एम.ए. झाल्यावर विद्यापीठाने मला संशोधनासाठी फेलोशिप दिली, आणि तिला एक शेपूट जोडलं. लहान कॉलेजांत तत्त्वज्ञान, इतिहास असल्या विषयांना पक्का प्राध्यापक मिळेपर्यंत आम्ही फेलोंनी ते तगवायचे. इतिहासाचा एक मित्र आणि तत्त्वज्ञानाचा मी, असे दोघे सीताबर्डीहून बसने वाडीला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषण मिळालं. खडू आम्ही घरून नेत असू.

माझ्या विषयाला पटावर नावं बरीच होती. बहुतेक मुलं नाव नोंदवून नरखेडकडे, आपापल्या संत्र्याच्या बागांत, परत गेली होती. वर्गात येणारी एकच. जवळपास माझ्याच वयाची बाई, दुसऱ्या वर्षाला. शेजारच्या गोदामात ती संत्र्यांच्या पेट्या भरायची. सकाळी वर्ग, मग काम. मी एकदा विचारलं, हाच विषय का?

"बाबानं छप्पन साली दीक्षा घेतली, सर. मले खांद्यावर घेऊन गेले होते. म्हणे, मी तर हात जोडून म्हणून टाकलं, आता तू शिकून समजून घे. आता बाबा खाटेवर राहते. मी घरी गेली की विचारते, आज काय झालं?"

तेव्हा मी रोज दोघांना शिकवत होतो, एकाला न बघता. तिला बी.ए. व्हायचं होतं ते याच विषयात. त्यासाठी विषय आणखी एक वर्ष जिवंत राहणं जरुरीचं होतं.

त्याच सुमारास विद्यापीठाची चौकशी समिती येणार असं कळलं. प्राचार्यांनी कमानीला रंग दिला, स्वागतगीत बसवून घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. ते स्वतः अर्थशास्त्राचे होते, म्हणजे पूर्वी.

"समितीला उसने मास्तर दिसले, तर विषय स्वतःच्या पायावर उभा नाही असं लिहितील," ते म्हणाले. "बंदच करतील. मग त्या बाईचं काय? तेव्हा तुम्ही दोघं बाकावर बसा. शिकवतो मी."

"तत्त्वज्ञान?" मित्राने विचारलं.

"यांच्या नोट्स आहेत ना!"

त्यांनी त्या बाईचं नाव घेतलं होतं. मी नोट्स दिल्या.

त्या दिवशी वर्ग भरला होता. आम्ही दोघे, शेजारचे मुनीम, त्यांचे हिशेबनीस, आणि गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून अडकलेला एक ड्रायव्हर. ती पहिल्या बाकावर, धुतलेल्या साडीत. प्राचार्य बौद्ध दर्शन वाचून दाखवू लागले. समिती आत आली. तिचे अध्यक्ष म्हणजे माझेच मार्गदर्शक निघाले. त्यांनी मला पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी तिथेच होतो. ते ड्रायव्हरकडे वळले.

"काय शिकताय?"

"सध्या बसून राहिलो, साहेब," तो उभा राहून म्हणाला. "पुढचं गाडीवर आहे."

एक सदस्य कौतुकाने हसले. त्यांना ते फार खोल वाटलं असावं.

मग अध्यक्षांनी तिला विचारलं, "हा विषय तुम्हाला कोण शिकवतं?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघून, पाठ केलेल्या शुद्ध भाषेत म्हणाली, "प्राचार्य सर शिकवतात."

संत्राबर्फी वाटली गेली. हार घातले गेले. ज्याला हार उरला नाही त्याला दोनदा नमस्कार झाला.

अहवाल आला तो उत्तम होता. वर्ग भरलेला, शिक्षक घरचा, विषय आपल्या पायावर उभा. सबब विद्यापीठाच्या फेलोंना तिथून काढून अधिक गरजू कॉलेजांत पाठवावं. मी मार्गदर्शकांच्या घरी गेलो.

"सर, तुम्ही मला बाकावर पाहिलंत."

"पाहिलं. वर्ग खोटा लिहिला असता तर कॉलेज बंद झालं असतं. खरा धरला, तर तुमची गरज उरत नाही. तिसरं काही लिहायला रकाना नव्हता."

"आणि ती बाई?"

"तिला मी विचारलं होतं ना?" ते म्हणाले, आणि आतून चहा मागवला.

माझ्या नोट्स होत्या तोवर प्राचार्यांनी शिकवलं. त्या लवकर संपल्या. नव्या सत्रात विषय बंद झाला. तिला दुसरा विषय घेऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची मुभा होती. तिने ती घेतली नाही.

पुढच्या हिवाळ्यात शिकवल्याचा राहिलेला दाखला घ्यायला मी वाडीला गेलो. आमच्या वर्गाचा आडोसा काढून ती जागा संत्रावाल्याला भाड्याने दिली होती. फळा भिंतीवरच होता. त्यावर गाड्यांचे नंबर. खाली भाताच्या तणसावर बायका पेट्या भरत होत्या. त्यांत ती होती.

"या सर," ती म्हणाली. "पाहा, मी वर्गातच आहो."

मी बाबांचं विचारलं.

"पावसाळ्यात गेले." तिने एक डागी संत्रं बाजूला टाकलं. "शेवटी शेवटी म्हणत, पुढं काय झालं ते सांग. मी काय सांगू? दुःख आहे अन् त्याले कारण आहे, एवढंच झालं होतं आपलं. तेच फिरून फिरून सांगे."

"पुढची दोन आर्यसत्यं तुम्हाला येत होती की. विहारात म्हणतात."

"म्हणता येतात, सर. समजावून कोणी सांगितली?"

मी पेटीवर बसलो आणि तिसऱ्यापासून सुरुवात केली. मुकादम आला.

"ओ सर, बाईले काम करू द्या नं. गाडी लागून राहिली."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ द्या सर. विचारणारं तर घरी कोणी नाही आता."

मी उठलो. ज्या पेटीवर बसलो होतो, तिचं नुसतं टेकवलेलं झाकण माणसांनी ठोकलं आणि ती गाडीत चढवली.