कश्यप गोत्राचा हंगेरियन पणजोबा : गिरगाव ते शिवडी

गयेस जाऊन पितरांना पिंडदान करण्याचा माझा जुना संकल्प यंदा, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सिद्धीस जाण्याची चिन्हे दिसू लागली. तेथील पुरोहितांनी पूर्वजांच्या नावांची यादी मागवली. वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावे तर्पणाच्या निमित्ताने पन्नास वर्षे नित्य मुखात आहेत. त्यामागचे मात्र काहीच ठाऊक नाही. सांगू शकेल अशी एकच व्यक्ती हयात आहे, गिरगावातील माझी ब्याण्णव वर्षांची आत्या. म्हणून सून वृंदा हिला सोबत घेऊन मी वाईहून निघालो.

पहाटेची एसटी धरली तर अकराच्या सुमारास दादरला उतरता येते. माझ्या वयाच्या प्रवाशास भाडे पडत नाही. आधार कार्ड तेवढे जवळ असावे. दादरला पियूष घेतले आणि टॅक्सीने दोनशेच्या आसपास देऊन गिरगाव गाठले. आत्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. गुडघेदुखीवाल्यांनी प्रत्येक मजल्यावर थांबत चढावे, मीही तसाच चढलो.

पोह्यांची बशी हातात येताच मी विषय काढला. "आत्या, पणजोबांच्या वडिलांचे नाव काय होते?"

"कोणाच्या? गाबोरच्या?"

"गोविंद," मी दुरुस्ती केली.

"गोविंद आजी म्हणायची रे, तिच्या जिभेला सोपं. नाव गाबोर. हंगेरीचा होता ना तो."

घास तोंडातच राहिला.

"तुला ठाऊक नाही, नाना? अख्ख्या चाळीला ठाऊक होतं!"

"म्हणजे परदेशी?" वृंदाने विचारले.

"मग काय, हंगेरी राजापूरच्या पुढे आहे?"

आत्याने जे सांगितले ते तिने लहानपणी स्वतः आजीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, तोंडून ऐकलेले. गाबोर आगबोटीवर फिटर होता. मुंबईत तापाने पडला, बोट त्याला टाकून निघून गेली. बरा झाल्यावर परळच्या एका गिरणीत लागला. माझी पणजी ही कोकणातून आलेली विधवा, लालबागेत गिरणीकामगारांची खानावळ चालवीत असे. तो तेथे दोन वर्षे जेवला आणि मग तेथेच राहिला.

"मिरचीला घाबरायचा नाही," आत्या म्हणाली. "त्यांच्याकडेही म्हणे लाल तिखट खातात."

"विवाह कोठे झाला?"

"शास्त्री झालास ना, म्हणून असं विचारतोस! तेव्हा कुणी नाही विचारलं. दोन्ही वेळा सगळे जेवायला येत होते." मुलगा, म्हणजे माझे आजोबा, तीन वर्षांचे असताना गाबोर वारला. आडनाव पणजीचेच पुढे चालले. गाबोरच्या बापाचे नाव पणजीने कधी विचारले नव्हते.

"पण मग आपले गोत्र?" मी म्हणालो, आणि प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर माझे मलाच सापडले. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही, त्याने कश्यप म्हणावे, असा शास्त्राचा आधार आहे. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. गावात कोणी गोत्र विसरला की हा नियम मीच त्याला सांगत आलो. आणि आमचे कश्यप गोत्र मात्र थेट ऋषींपासून चालत आले, असे समजून आयुष्यभर ताठ मानेने वावरलो.

"इतकी वर्षे मला सांगितले का नाही?"

"तू विचारलंस कधी? पोथ्यांना विचारत बसलास."

म्हणून मग विचारले, त्याचे अंत्यसंस्कार कोठे झाले.

गाबोरला शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरले होते. पणजी दरवर्षी तेथे भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी ठेवून येई. मी पन्नास वर्षे त्याच्या नावाने खीर आणि वडे वाढीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागमार्गे शिवडीस गेलो. मसाल्याच्या दुकानांपाशी वृंदाने टॅक्सी थांबवली आणि एक पुडके घेऊन परतली. वास लपत नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्या मासळी शिजलेली नाही.

दफनभूमीतील रखवालदार सौम्य गृहस्थ होते. "इतकं जुनं, आणि दगडही नाही? मग नेमकी जागा नाही सांगता येणार, काका." आत्याला एवढेच आठवत होते की पणजी मागच्या भिंतीजवळ बसे. त्यांनी आम्हाला तिकडे नेले. तेथे गवत होते, आणखी काही नव्हते.

"बाबा, तुम्ही पलीकडे तोंड करा," वृंदा हळूच म्हणाली. "मी ठेवते."

मी काही क्षण पाठ फिरवून उभा राहिलो. मग वळलो आणि पुडके तिच्या हातून घेतले. तिने आत्याकडून बांधून आणलेल्या भाकरीवर चटणी मी स्वतः ठेवली. मग वाकून ती गवतावर ठेवू लागलो.

"खाली नका ठेवू हो," रखवालदार म्हणाले. "कावळे दोन मिनिटांत सगळं साफ करतात!"

वृंदाने माझ्याकडे पाहिले. वाईला वर्षश्राद्धाला कावळा यावा म्हणून आम्ही तास तास ताटकळलेलो आहोत. येथे मी हात मागे घेण्याआधीच तो भाकरीवर उतरला. त्या गृहस्थांना, मी भर उन्हात का रडतो आहे, हे कळेना. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

शिवडीला जाणाऱ्यांनी सकाळीच जावे, दुपारी सावली कमी मिळते.

वाईस परतलो त्याला आज आठ दिवस झाले. वृंदाने विचारले, "आता गयेला जायचं ना?" मी यादी पाठवली. पणजोबांसमोर गाबोर लिहिले, गोत्रासमोर 'ठाऊक नाही'. पुरोहितांचे तत्काळ उत्तर आले : हरकत नाही, कश्यप म्हणू.

धक्का अजून ओसरलेला नाही. तर्पणाला बसलो की तिसऱ्या नावाशी अडखळतो. पूर्वी तिन्ही नावे एका श्वासात होत. आता त्या नावापाशी एक तापाने फणफणलेला तरुण बंदराच्या धक्क्यावर उभा असतो, त्याची बोट दूर जात असते, आणि ओंजळीतले पाणी सोडायला मला जरा वेळ लागतो.